पेनड्राइव्हमधले शॉर्टकट, कोपऱ्यातल्या पाट्या आणि फॉरमॅटचे आठशे रुपये

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरचा लॅपटॉप विंडोज १० चा, सहा वर्षं जुना. पंधरा दिवसांपूर्वी निकालपत्रकं छापायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात दिला. घरी येऊन लावला तर आतल्या सगळ्या फोल्डरांना बाणाचं चिन्ह लागलेलं, म्हणजे शॉर्टकट झालेले. दोनदा क्लिक केलं की उघडतात मात्र व्यवस्थित. त्याच सुमारास उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ अशा पाट्या यायला लागल्या, क्रोममध्ये काही शोधलं की भलतंच पान उघडतं, आणि लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल, आठशे रुपये. बँकेचं कामही ह्याच लॅपटॉपवर. फॉरमॅट करू का?

बावीस वर्षं मी घरोघरचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. त्यावरून सांगतो: ही एक तक्रार नाही, चार आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. कोपऱ्यातल्या पाट्या, ज्यांना तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलात, त्या बहुधा व्हायरस नाहीतच. घाबरावं अशी गोष्ट ती, जी तुम्हाला ‘व्यवस्थित उघडते’ म्हणून बिनधोक वाटली.

पण लॅपटॉपला हात लावायच्या आधी फोन हातात घ्या. बँकेचा, जीमेलचा आणि शाळेच्या पोर्टलचा पासवर्ड आजच बदला, आणि तो फोनवरून बदला. लॅपटॉपवरून बदललात आणि तिथे खरंच कोणी ऐकत बसलं असेल, तर नवा पासवर्डही त्यालाच दिल्यासारखं होईल. जीमेलमध्ये एवढ्यावर थांबू नका. खात्याच्या सुरक्षा विभागात ‘युवर डिव्हाइसेस’ म्हणून यादी असते, तिथून लॅपटॉपला साइन आउट करा. हल्लीचे चोर पासवर्डच्या मागे लागतातच असं नाही. ब्राउझरमध्ये जी ‘आधीच लॉगिन केलेली’ खूण साठवलेली असते, ज्याला कुकी म्हणतात, तीच ते उचलून नेतात. ती त्यांच्याकडे असली की ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. ‘लुमा’ नावाचं एक चोरटं सॉफ्टवेअर हेच करायचं. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचं जाळं मोडलं, तेव्हा त्याआधीच्या दोन महिन्यांतच ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटरांना त्याची लागण झालेली आढळली होती.

इथे एक प्रश्न. गेल्या महिन्याभरात एखाद्या पानावर ‘मी रोबो नाही’ची खिडकी येऊन तिने तुम्हाला विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर मारा, असं सांगितलं होतं का? आणि तुम्ही तसं केलंत का? केलं असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. पासवर्ड बदला आणि थेट फॉरमॅटच्या भागावर जा. त्या बटणांनी तुम्ही स्वतःच्या हाताने एक हुकूम चालवलेला असतो, आणि खरं कॅप्चा असलं काही कधीच करायला लावत नाही. बँकेतून तुम्ही न केलेला एकही व्यवहार दिसला, तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन लावा आणि मग बँकेला. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत अडवायचे असतात, त्यामुळे इथे अर्ध्या तासालाही किंमत आहे.

आता पेनड्राइव्ह. एके काळी पेनड्राइव्ह नुसता लावला तरी आतला प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा. विंडोज ७ मध्ये ती सोय काढली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट देऊन एक्सपी आणि व्हिस्टातूनही काढली. मग व्हायरस लिहिणाऱ्यांना क्लिक करायला माणूसच लागायला लागला. त्यांनी शोधलेली युक्ती तुम्ही पाहिलीत: तुमचे खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे, तसेच दिसणारे शॉर्टकट बाहेर मांडायचे. शॉर्टकटवर क्लिक केलं की दोन कामं एकदम होतात. आधी लपलेली स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची फाइल, चालते, मग तुमचा खरा फोल्डर उघडतो. फोल्डर उघडला म्हणून आपण निश्चिंत. तोवर ती स्क्रिप्ट लॅपटॉपमध्ये स्वतःची प्रत ठेवून, दर वेळी विंडोजबरोबर सुरू व्हायची सोय करून मोकळी झालेली असते. म्हणजे लागण झेरॉक्सच्या दुकानात झाली ती पेनड्राइव्हला. लॅपटॉपला झाली ती तुम्ही घरी केलेल्या पहिल्या डबल क्लिकला. दोष देत नाही, सगळे हेच करतात.

‘शॉर्टकट व्हायरस ना, तो निरुपद्रवी असतो’ असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. ते खरं नाही. ह्या जातीतले बरेच जण मागचं दार उघडं ठेवतात. मायक्रोसॉफ्ट ज्याला ‘जेन्क्सकस’ म्हणतं, तो शॉर्टकट पसरवणारा किडा लांब बसलेल्या माणसाचे हुकूम ऐकतो आणि सांगितली ती फाइल उतरवून चालवतो. ‘अँड्रोमेडा’ उर्फ ‘गामारू’चं जाळं पोलिसांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये मोडलं, पण पेनड्राइव्हमधून तो पुढेही फिरतच राहिला. त्याच्या हुकमाचे जुने इंटरनेट पत्ते मुदत संपून मोकळे झाले, तेव्हा त्यातले काही दुसऱ्याच एका हेरगिरी करणाऱ्या टोळीने नोंदवून घेतले आणि युक्रेनमधल्या लागण झालेल्या कॉम्प्युटरांमध्ये शिरकाव केला. मँडियंट कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये हे उघड केलं. चोर पकडला गेला, पण त्याने पाडलेलं भगदाड तसंच होतं.

तर आता लॅपटॉप. पासवर्ड बदलून होईपर्यंत वाय-फाय बंद ठेवा. ते झालं की सुरू करा, कारण तपासणीआधी डिफेंडरला ताजी माहिती मिळायला हवी. विंडोजमध्ये आलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, फक्त तो जागा आहे ना हे पाहावं लागतं. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’, त्यात ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा. तिथे ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये खाली ‘एक्स्क्लूजन्स’ असा भाग असतो. तो कोणी उघडत नाही आणि मी सगळ्यात आधी तोच उघडतो. ‘ह्या जागा तपासू नकोस’ असं डिफेंडरला सांगायची ती यादी. घरच्या कॉम्प्युटरवर ती रिकामी असायला हवी. एका मुलाच्या कॉम्प्युटरवर तिथे अख्खा सी ड्राइव्ह होता! डिफेंडरची हिरवी खूण दिसत होती, रोजची तपासणी ‘काही सापडलं नाही’ म्हणत होती, आणि आत जत्रा भरली होती. फुकटचं ऑफिस सुरू करून देणाऱ्या क्रॅकने ते करून ठेवलं होतं. तुमच्याकडे काही दिसलं तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि मग ते काढून टाका. फोटो एवढ्यासाठी की त्या जागेच्या नावावरूनच पुष्कळदा मूळ सापडतं.

मग ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मधून माहिती ताजी करा आणि ‘स्कॅन ऑप्शन्स’मधला शेवटचा ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. लॅपटॉप बंद होऊन परत सुरू होईल, पण विंडोज पूर्ण चढायच्या आधीच तपासणी होईल. साधारण पंधरा मिनिटं लागतात, जुन्या डिस्कवर जास्त. चालू विंडोजमध्ये व्हायरस स्वतःला लपवू शकतो. इथे तो अजून जागाच झालेला नसतो, म्हणून ह्या तपासणीवर माझा भरवसा जास्त. ती झाल्यावर विंडोजमधून ‘फुल स्कॅन’ लावा आणि झोपा, कारण त्याला तासन् तास लागतात. लावताना चार्जर जोडलेला असू द्या.

सकाळी ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’ उघडा. इथे घाईने ‘रिमूव्ह’ दाबून मोकळं होऊ नका, नाव वाचा. पुढे काय करायचं ते त्या नावावरून ठरतं. नावाची सुरुवात ‘पीयूए’ किंवा ‘अ‍ॅडवेअर’ अशी असेल, तर तो आगंतुक पाहुणा आहे. उपद्रवी आहे, पण घर लुटणारा नाही. काढला की विषय संपला. ‘हॅकटूल’ आणि पुढे ‘ऑटोकेएमएस’ असेल, तर कोणीतरी तुम्हाला फुकटात ऑफिस किंवा विंडोज घालून दिलंय. ‘वर्म’ आणि ‘जेन्क्सकस’सारखं काही असेल, तर आपला पेनड्राइव्हवाला सापडला. आणि ‘बॅकडोअर’, ‘स्टीलर’ किंवा ‘पीडब्ल्यूएस’ अशी अक्षरं कुठेही दिसली, तर फॉरमॅट. त्यावर मी चर्चा करत नाही. नुसतं ‘ट्रोजन’ लिहिलं असेल तर मात्र पुढचं पूर्ण नाव बघावं लागतं, कारण त्या शब्दाखाली लहानमोठं सगळंच येतं.

दुसरं मत म्हणून एखादा वेगळा तपासक चालवायला हरकत नाही. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती किंवा ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर, दोन्ही चांगले. सर्ट-इन ह्या सरकारी संस्थेचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७ पासून आहे, तिथेही अशी साधनं फुकट मिळतात. पण कायमस्वरूपी दोन अँटिव्हायरस एका लॅपटॉपवर बसवू नका. दोघं एकमेकांच्या फाइली तपासत बसतात आणि लॅपटॉपचा जीव जातो. आणि डाउनलोड मूळ कंपनीच्या पानावरूनच करा. शोधात सगळ्यात वर ‘प्रायोजित’ म्हणून जे येतं, तिथून नाही.

इथे माझी एक जुनी चूक सांगून टाकतो. धंद्यातली पहिली काही वर्षं मी सगळी साफसफाईची साधनं एका पेनड्राइव्हमध्ये घेऊन फिरायचो. एका घरी ‘सॅलिटी’ नावाचा व्हायरस होता. हा वेगळी फाइल ठेवत नाही, असलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या आत शिरतो. मी तो कॉम्प्युटर मोठ्या झोकात साफ केला, पैसे घेतले आणि निघालो. पण तेवढ्या वेळात माझ्या पेनड्राइव्हमधले प्रोग्रामही बाधले होते. पुढच्या चार घरी व्हायरस मीच नेऊन दिला. चौथ्या घरच्या आजोबांनी सरळ विचारलं, ‘तुम्ही यायच्या आधी हे असं नव्हतं हो?’ चारही ठिकाणी परत जाऊन फुकटात काम केलं. तेव्हापासून साधनं न्यायची ती लिहिता न येणाऱ्या सीडीवर, आणि आता लिहिणं बंद करायची कळ असलेल्या पेनड्राइव्हवर. झेरॉक्सवाल्याकडेही हेच होतं. दिवसाला शंभर पेनड्राइव्ह लागतात, त्यातला एक पुरतो. तो काही मुद्दाम करत नाही.

तपासणीनंतरही माझं समाधान होत नाही, कारण व्हायरसची फाइल काढणं हे अर्धंच काम. विंडोज सुरू झाल्यावर त्याला उठवतं कोण, हे शोधायचं उरतं. तो गजर राहिला, की फाइल परत उतरते आणि आठवड्याने तुम्ही म्हणता, ‘व्हायरस परत आला.’ तो परत आलेला नसतो, गेलेलाच नसतो. ह्यासाठी माझं सगळ्यात आवडतं साधन म्हणजे ‘ऑटोरन्स’. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल ह्या दोघांनी केलेलं. २००६ मध्ये त्यांची कंपनीच मायक्रोसॉफ्टने घेतली, त्यामुळे हे आता मायक्रोसॉफ्टच्याच पानावर फुकट मिळतं. विंडोजबरोबर जे जे सुरू होतं, त्या सगळ्याची यादी ते एका जागी दाखवतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘ऑप्शन्स’मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, नाहीतर यादी पाहूनच घाम फुटेल. मग उरतात वीस-तीस ओळी. गुलाबी ओळ म्हणजे ज्याच्या मालकाची सही पटत नाही असा प्रोग्राम. पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही, बहुधा काढलेल्याचा उरलेला सांगाडा.

ओळीत बघायचं काय? नाव नाही, पत्ता बघा. नाव कोणीही काहीही ठेवतो. ‘एसव्हीसीहोस्ट’ हा विंडोजचा खराखुरा नोकर आहे आणि तो विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात राहतो. तेच नाव, किंवा त्यातली दोन अक्षरं उलटसुलट केलेलं नाव, ‘टेम्प’ किंवा ‘अ‍ॅपडेटा’च्या ‘रोमिंग’मध्ये दिसलं, तर तो बहुरूपी. तुमच्या प्रकारच्या व्हायरसात बहुतेक वेळा ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ (विंडोजचा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आणि त्यापुढे रोमिंगमधल्या एखाद्या अगम्य नावाच्या फाइलीचा पत्ता असतो. ‘शेड्यूल्ड टास्क्स’चा कप्पाही बघा. ‘पॉवरशेल’ (विंडोजचा हुकूम चालवणारा प्रोग्राम) आणि त्यापुढे दीड ओळ निरर्थक अक्षरं अशी नोंद घरच्या लॅपटॉपवर असायचं कारणच नाही. मात्र अ‍ॅपडेटात राहणारा प्रत्येक जण चोर नसतो. वनड्राइव्ह, झूम असे सभ्य लोकही तिथे राहतात, त्यांना हाकलू नका. संशय आला तर ओळ डिलीट करू नका, पुढच्या चौकटीतली खूण काढा. चुकलं तर खूण परत देता येते. आणि खूण काढून लॅपटॉप परत सुरू केल्यावर ती आपोआप परत आलेली दिसली, तर समजा की आत अजून कोणीतरी जागं आहे.

ह्याच साधनाला प्रत्येक फाइल ‘व्हायरसटोटल’शी पडताळून पाहायला सांगता येतं. व्हायरसटोटल गूगलचं आहे, आणि एका फाइलबद्दल सत्तरेक अँटिव्हायरसांचं मत एकदम देतं. सत्तरातल्या एकाने ‘वाईट’ म्हटलं, तर मी सहसा दुर्लक्ष करतो. वीस जण म्हणाले, तर ऐकतो. फक्त मुलांची यादी, पॅनकार्ड अशा खासगी फाइली तिथे स्वतःहून चढवू नका. चढवलेली फाइल इतर अभ्यासकांनाही मिळू शकते.

लॅपटॉप स्वच्छ झाला, की मगच पेनड्राइव्ह. उलट क्रमाने केलंत तर लॅपटॉप त्याला दोन मिनिटांत परत बाधवेल. लावा, पण आतल्या कशावरही क्लिक करू नका. त्यावर उजवं बटण दाबून डिफेंडरने तपासा. तुमच्या फाइली गेलेल्या नाहीत, नुसत्या लपवल्यात, हे लक्षात ठेवा. दुकानदाराने ‘डेटा रिकव्हरी’चे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. पेनड्राइव्हचं अक्षर समजा ई आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडा, ई आणि त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं टाइप करून एंटर मारा. मग अ‍ॅट्रिब हा हुकूम: स्पेलिंग ए, दोन टी, आर, आय, बी. त्यापुढे एकेक जागा सोडून −एस, −एच, /एस, /डी आणि शेवटी *.*, अर्थात सगळी अक्षरं इंग्रजीत. एंटर मारला की लपलेले फोल्डर वर येतील. कधी कधी ते सगळे एका बिननावाच्या फोल्डरात कोंबलेले सापडतात, घाबरू नका. तुमच्या वर्डच्या, एक्सेलच्या फाइली आणि फोटो लॅपटॉपवर काढून घ्या. बाण असलेली एकही गोष्ट नको, स्क्रिप्ट नको, प्रोग्राम नको. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. फॉरमॅट मारायचाच असेल, तर तो इथे!

कोपऱ्यातल्या पाट्यांचं काम दोन मिनिटांचं. नीट बघा, पाटीत बारीक अक्षरात क्रोमचं आणि कुठल्या तरी वेबसाइटचं नाव असेल. कधीतरी एखाद्या पानाने ‘पुढे जायचं तर अलाउ दाबा’ म्हटलं आणि ते दाबलं गेलं, एवढंच झालंय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’. तिथल्या परवानगीच्या यादीतलं जे ओळखीचं नाही, ते काढा. पाट्या थांबतील. त्या पाटीतून कधी ‘अँटिव्हायरस’ विकत घेतला असेल किंवा तिथल्या नंबरला फोन केला असेल, तर तेवढं मला सांगा, लाजू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो. फोनवरच्या ‘इंजिनिअर’ने एनीडेस्कसारखं, लांबून कॉम्प्युटर चालवू देणारं काही बसवून घेतलं असेल, तर गोष्ट पुन्हा पहिल्या परिच्छेदांतल्या पासवर्डपाशी आणि १९३० पाशी जाते.

भलतं पान उघडणं हे बहुधा एक्स्टेन्शनचं, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचं काम. क्रोमच्या यादीतून अनोळखी एक्स्टेन्शन काढा. काढायचं बटणच बंद असेल, किंवा तीन टिंबांच्या मेनूत सगळ्यात खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ दिसत असेल, तर त्याने स्वतःला कंपनीचा साहेब म्हणून नेमून घेतलंय. कंपनीच्या कॉम्प्युटरवर साहेब जे नियम लावतात, त्याच सोयीचा हा गैरवापर. घरच्या लॅपटॉपवर ती ओळ सहसा असू नये (काही अँटिव्हायरसमुळेही येते, म्हणून ‘सहसा’). मालवेअरबाइट्सचाच ‘अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर’ चालवा, त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोमचे असे नियम पुसायची सोय आहे. आणि काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्या दिवशी परत दिसलं, तर आधी यजमानांचा किंवा मुलांचा कॉम्प्युटर बघा. तुमच्याच जीमेलने तिथे क्रोम चालू असेल, तर तिथून ते सिंक होऊन येत असेल.

सुरू व्हायला दहा मिनिटं? टास्क मॅनेजर उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून. ‘डिस्क’च्या रकान्यात शंभर टक्के आणि ‘सीपीयू’ दहा-पंधरा असेल, तर व्हायरसला दोष देऊ नका. सहा वर्षांची फिरती हार्ड डिस्क आहे, दमलीय. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क टाका, आणि डिस्कचा आवाज बदलला असेल तर आजच बॅकअप घ्या. उलट काहीही न करता सीपीयू चढलेला, पंखा घोंघावतोय, आणि टास्क मॅनेजर उघडला की दोन सेकंदांत सगळं शांत होतं, असं असेल तर मात्र आत कोणीतरी तुमच्या विजेवर आभासी चलन खणत असण्याची शक्यता आहे. मालक बघायला आला की झाडू हातात घेणाऱ्यातला प्रकार.

मग फॉरमॅट कधी? वर सांगितलेली नावं दिसली तर, सॅलिटीसारखा प्रोग्रामांत शिरणारा निघाला तर, डिफेंडर सुरूच होत नसेल तर, किंवा दोनदा साफ करूनही तिसऱ्यांदा तेच दिसलं तर. तुमच्याकडे बँकेचं काम होतं, म्हणून माझा कल जरा लवकर फॉरमॅटकडे झुकेल. पण तो ‘मारणं’ आणि नीट करणं ह्यात फरक आहे. सी ड्राइव्ह पुसून डी तसाच ठेवायचा, आणि मग डी मधल्या जुन्या क्रॅक केलेल्या सेटअपवरून ऑफिस बसवायचं, हे आठशे रुपयांचं काम मी फार वेळा निस्तरलंय. नीट म्हणजे असं: दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या पानावरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज घ्यायचं, तुमची कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढायचे, प्रोग्राम एकही नाही, आणि मग सगळे भाग पुसून नव्याने बसवायचं. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे की विकत घ्यावी लागत नाही आणि कोणाची ‘अ‍ॅक्टिव्हेट करून देतो’ ही कृपाही लागत नाही. एक खबरदारी घ्या. काही लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि अशा कामात मध्येच निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागते. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती आहे का, हे फोनवरून आधीच बघून ठेवा.

क्रॅकबद्दल एवढं तावातावाने बोलतोय, त्यामागे एक लग्नाचा अल्बम आहे. एका घरी मुलाने फोटो सजवायचं महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून बसवलं आणि त्याबरोबर ‘स्टॉप’ उर्फ ‘डीजेव्हीयू’ हा खंडणीखोर आला. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो कुलूपबंद, आणि प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. एम्सिसॉफ्टचं फुकट कुलूप उघडणारं साधन आहे, ते मी चालवलं. पण ऑगस्ट २०१९ नंतरच्या प्रकारांत, कुलूप लावताना चावी चोरांच्या सर्व्हरवरून आलेली असेल, तर त्याचाही इलाज चालत नाही. आमचं तसंच होतं. पैसे देऊ नका म्हटलं, त्यांनी दिले नाहीत. थोडे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा झाले. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी गेलो की बॅकअपची डिस्क आहे का हे आधी विचारतो, आणि असली तर ती काम झाल्यावर काढून कपाटात ठेवता का, हेही. सतत जोडलेली डिस्क कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद होते.

तुमच्या विंडोज १० चं म्हणाल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख मिळत राहते, पण विंडोजमध्ये सापडणारी भोकं बुजवणं थांबलं. वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, ती घरच्या वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जच्या अपडेट विभागात नाव नोंदवायची ओळ दिसते का बघा. लॅपटॉप विंडोज ११ ला चालत असेल, तर एसएसडी टाकताना तेच बसवून घ्या, एका कष्टात दोन्ही होईल. विकतचा अँटिव्हायरस घ्यायलाच हवा असं नाही. आधीपासून असेल आणि मुदतीत असेल, तर राहू द्या. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलाश काटकरांनी भाऊ संजय यांच्यासह उभ्या केलेल्या क्विक हीलचे डबे मी स्वतः कित्येक घरांत बसवलेत. फक्त मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच पडू देऊ नका. तो काढून टाकला की डिफेंडर आपोआप कामाला लागतो.

आणि पुढच्या निकालपत्रकांच्या वेळी पेनड्राइव्ह नेऊच नका. फाइलीची पीडीएफ करा, झेरॉक्सवाल्याला ईमेल करा. त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचं जीमेल उघडून नव्हे, फोनवरून पाठवा. जमलं तर त्याला शॉर्टकटचं सांगा. बहुतेकांना माहीतच नसतं, आणि एकदा दाखवलं की गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून सुटका होईल म्हणून ते ऐकतात.

आज रात्री पासवर्ड आणि ऑफलाइन स्कॅन एवढं उरका. प्रोटेक्शन हिस्ट्रीत जे नाव येईल, ते अक्षरन् अक्षर उतरवून इथेच कळवा. आठशे रुपये द्यायचे की नाही, ते त्यावरून सांगतो.